गाडीचं गाऱ्हाणं

मयूर परबने ती गाडी विकत घेतली तेव्हा त्याची बायको सुचित्रा एवढंच म्हणाली, "घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं." तिचं काही चुकलं नव्हतं. लालबागच्या त्यांच्या चाळीत खोली केवढी, तर पाहुणा आला की यजमानाने गॅलरीत उभं राहायचं. आणि हा माणूस आणखी एक घर घेऊन आला होता, तेही चाकांवरचं.

मोटरहोम म्हणतात तिला. आत झोपायला दोन बाकं, वीतभर ओटा, भांडी धुवायला सिंक, पाण्याची टाकी आणि मागच्या कोपऱ्यात कपाटाएवढा संडास. कुठल्याशा सहल कंपनीने हौसेने बांधून घेतली, कंपनी बुडाली आणि गाडी कॉटन ग्रीनच्या एका गोदामाच्या आवारात वर्षानुवर्षं पडून राहिली. टपावर कबुतरांचा संसार थाटलेला, आत उंदरांचा. प्लायवूड फुगून पापडासारखं झालेलं. दार उघडलं की असा वास यायचा, की सुचित्रा पहिल्या दिवशी पदर नाकाला लावून आल्या पावली परत फिरली.

मयूर लोअर परळच्या एका टॉवरमध्ये मेंटेनन्सला होता. पंप, वायरिंग, एसी, गळती, तुंबलेल्या लाइनी हे त्याचं रोजचं जगणं. हातात कसब होतं, नाही म्हणायची सोयच नाही. पण लोकांच्या मोडक्या वस्तू चालत्या करून करून त्याला वाटायला लागलं होतं की जगात आपल्याला न येणारं असं काही नाहीच. असं वाटायला लागलं की माणसाने जरा सावध राहावं. मयूर राहिला नाही, आणि ही सगळी गोष्ट त्याचीच आहे.

गाडी घेतली ती आईसाठी. शेवंताबाई म्हणजे मयूरची आई, कणकवलीच्या पुढल्या एका गावची. नवरा गिरणीत होता तेव्हापासून एकही गणपती तिने गावाबाहेर काढला नव्हता. मुंबईत बारा महिने राहायची, पण तिचं वर्ष चतुर्थीला सुरू व्हायचं. आणि मग चार वर्षांपूर्वी ती गावाला जायची थांबली. "गुडघे दुखतत," म्हणाली. पुढल्या वर्षी म्हणाली, "आता गावात कोण रवला माझा?" तिसऱ्या वर्षी काहीच म्हणाली नाही. आरतीच्या वेळी लालबागभर ढोल वाजत होते आणि ही आपली खोलीत बसून वाल सोलत होती.

खरं कारण मयूरला माहीत होतं. चार वर्षांपूर्वी आई आणि तो बसने गावी निघाले होते. पेणच्या पुढे गाड्यांची रांग लागली आणि बस जागच्या जागी ठप्प. आई दोनदा उठली, दोनदा बसली. ड्रायव्हर म्हणाला, आता इथे कुठे उतरता मावशी, झाडसुद्धा नाही. तिने साडीचा काठ मुठीत धरला, खिडकीबाहेर बघत राहिली. मग बऱ्याच वेळाने तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि सगळी बाटली स्वतःच्या मांडीवर ओतली. "अगो बाई, सांडला सगळा पाणी," असं ती मोठ्याने म्हणाली. पलीकडच्या सीटवरून मयूरने ते पाहिलं होतं. ओतण्याच्या आधी काय झालं तेही त्याने पाहिलं होतं. तो झटकन डोळे मिटून झोपल्याचं सोंग घेऊन पडून राहिला. त्या दिवसापासून तो विषय मायलेकांमध्ये कधी निघाला नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती मूठ मयूरने चार वर्षं नीट झाकून ठेवली होती, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

तर दर रविवारी तो कॉटन ग्रीनला जायचा. पहिल्यांदा टप. टपाला चहूबाजूंनी भेगा होत्या. मयूरने बाजारातून उत्तमातलं सीलंट आणलं आणि जुन्याच्या वर थापून दिलं. गोदामाच्या नळाला पाइप लावून वर पाणी सोडलं, तर आत धो धो. त्याने आणखी थापलं. आणखी गळलं. शेवटी ऑफिसातल्या भाषेत दोन शिव्या हासडून तो टपावर चढला आणि जुना थर पत्रा लागेपर्यंत खरवडून काढायला बसला. कितीतरी रविवार नुसतं खरवडणं. बोटांची सालं गेली. पण मग पत्रा स्वच्छ करून, गंज घासून, प्रायमर मारून, चिकट पट्टी दाबून वर सीलंट भरलं, तेव्हा थेंब आला नाही. त्या दिवशी आतल्या बाकावर बसून त्याने वडापाव खाल्ला आणि वरून पाइपाचं पाणी पडत असताना कोरडाच राहिला. एवढा आनंद त्याला लग्नातही झाला नसावा, असं सुचित्राचं मत.

मग उंदरांनी कुरतडलेली वायरिंग सगळी नवी. फुगलेलं प्लायवूड उपटून दुसरं. आतल्या दिव्यांना वेगळी बॅटरी, म्हणजे रात्रभर दिवे जाळले तरी सकाळी गाडी चालू होईल. पाण्याच्या टाकीत शेवाळं होतं, ती तीनदा धुतली. ब्रेक आणि स्टिअरिंगला मात्र त्याने स्वतः हात लावला नाही. ते शिवडीच्या गॅरेजमध्ये करून घेतलं, पासिंगही करून आणलं. तेवढी अक्कल त्याला होती.

पण त्याचा जीव अडकला होता तो मागच्या कोपऱ्यात. संडासाची जुनी बैठक काढून त्याने नवी बसवली, जरा उंच, कारण आईला खाली बसून उठताना त्रास होतो. धरायला स्टीलचा दांडा लावला. तो किती उंचीवर हवा हे कळावं म्हणून आई घरात ओट्याला कुठे हात टेकते ते तो आठवडाभर चोरून बघत होता. खाली काढता येणारी टाकी, वर हवा जायला पाइप, फ्लशला छोटा पंप. दाराच्या कडेला चारी बाजूंनी रबरी पट्टी, म्हणजे आतला आवाज बाहेर येणार नाही आणि आत बसलेल्या माणसाला चोरट्यासारखं वाटणार नाही. दाराला अशी पट्टी लावणाऱ्या माणसाला स्वतःच्या तोंडाला काही लावायचं सुचलं नाही, हे त्याचं दुर्दैव.

गाडी तयार झाल्यावर एका रविवारी त्याने आईला दाखवायला नेलं. शेवंताबाईंनी बाकावर हात फिरवला. नळ सोडून बघितला. मागचं दार उघडलं, आत बघितलं, दांडा धरून बघितला, दार लावलं.

"गुडघ्यांक बरा पडात," ती म्हणाली. "आडवा होवक येयत."

"हो ना. गुडघ्यांसाठीच तर केलंय."

"मगे ह्या वर्षी जावया."

एवढंच. दोघांनाही कळलं आणि दोघांनीही गुडघ्यांचं नाव घेतलं. मयूर त्या रात्री जेवताना दोन वेळा स्वतःशीच हसला. तिथेच सगळं संपलं असतं तर किती बरं झालं असतं.

निघायच्या आदल्या दिवशी त्याने गाडी चाळीसमोर आणून उभी केली. झालं, जत्रा भरली. आई आणि सुचित्रा तेवढ्या वर खोलीत सामान बांधत होत्या. जो तो आत चढून बघू लागला. आजवर "भंगारवाला" म्हणून मयूरची टिंगल करणारे आता "आयला, फुल फाइव्ह स्टार आहे यार" म्हणू लागले. मयूर एकेक गोष्ट दाखवत होता. टप, वायरिंग, टाकी. आणि मग मागचं दार उघडून त्याने फ्लश चालवला. पंप घुर्र करून वाजला आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

दुसऱ्या माळ्यावरची प्रिती म्हणाली, "पण काय रे मयूर, आता हायवेला इतकी हॉटेलं झालीत. नुसत्या संडासासाठी एवढा खटाटोप? पूर्ण गाडीत याच्यावरच जास्त काम केलंयस तू."

त्याने "हौस" म्हणायला हवं होतं. हौसेला मोल नसतं, म्हणून विषय संपला असता. पण पंधरा माणसं ऐकत होती, आपण केवढं केलंय हे त्यांना कळायला हवं होतं, आणि कशासाठी केलंय हे कळल्याशिवाय केवढं ते कसं कळणार? "आईसाठी गं," तो म्हणाला. "तिला धरवत नाही. चार वर्षांपूर्वी बसमध्ये..." आणि त्याने सांगितलं. पेण, गाड्यांची रांग, बाटली, सगळं. बायकांनी "अरेरे" केलं. कुणीतरी म्हणालं, असा मुलगा सगळ्यांना मिळो. मयूरला ते गोड लागलं. खोटं कशाला बोला, फार गोड लागलं.

घोळक्यात सीतारामतात्या होते. चाळीतले गावकर, म्हणजे मानकरी. कुणी नवं घर घेतलं, मुलगा परदेशी निघाला, गाडी आणली, की देवाला गाऱ्हाणं घालायला तात्याच. त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सकाळी नारळ ठेव. गाऱ्हाणा घालतंय. घाटातून जावचा आसा."

सकाळी गाडीसमोर पाट मांडला. विड्याची पानं, सुपारी, अगरबत्ती. चाकांखाली लिंबं. अर्धी चाळ खाली आणि उरलेली गॅलऱ्यांत. शेवंताबाई नवं लुगडं नेसून, केसात अबोलीची वेणी माळून गाडीच्या दाराशी उभ्या होत्या. चार वर्षांत ती वेणी माळलेली मयूरने पाहिली नव्हती. तात्यांनी टोपी नीट केली, नारळ दोन्ही हातांत धरला आणि डोळे मिटले.

"हे बा देवा रवळनाथा, महाराजा!"

"व्हय महाराजा!" चाळीने साद दिली.

"आज ह्या परबांच्या लेकरान, मयूरान, आपल्या हातान ही गाडी उभी केल्यान आणि तुझ्या पायाशी येवक निघालो हा, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"टपाची गळती बुजवल्यान, वायरी नव्यो घातल्यान, काय चुकला माकला आसात तर पदरात घे. घाटात, वळणार तुझी नजर ऱ्हवां दे, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

मयूरची छाती फुगली होती. तात्यांनी श्वास घेतला.

"आणि ही शेवंता, तुझी म्हातारी लेक. तिका धरवणा नाय. मोटारीत तिचा लुगडा भिजला, लाज गेली, म्हणान चार वर्सा ती तुझ्या दाराक येवक नाय. म्हणान पोरान तिच्यासाठी गाडयेत संडास बांधल्यान. परत तिची तशी फजिती होवची नाय असा कर, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

सवयीने ओरडले सगळे. गॅलऱ्यांतून, जिन्यातून, समोरच्या वाण्याच्या दुकानातूनसुद्धा. ओरडून झाल्यावर आपण काय ओरडलो ते त्यांना कळलं.

मयूरने आईकडे बघितलं. तिचा चेहरा रागावलेला नव्हता. रागावली असती तर त्याला उभं राहता आलं असतं. ती खाली बघत होती, लुगड्याच्या निऱ्यांकडे, जणू त्या आताही ओल्या आहेत. मग तिने हातातली पिशवी गाडीच्या पायरीवर ठेवली, वळली आणि कठडा धरून जिना चढू लागली. वाटेतले लोक भिंतीला चिकटून उभे राहिले.

"तू सांगितलंस?" सुचित्राने विचारलं. तिलाही आत्ताच कळत होतं. "मला बायकोला सांगितलं नाहीस आणि चाळीला सांगितलंस?"

तात्या नारळ धरून तसेच उभे होते. "माझा काय चुकला?" ते म्हणाले. "देवाक अर्धा सांगूचा नसता."

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असा तो प्रकार, आणि घडवणारे हात मयूरचे.

तो वर गेला. आई खाटेवर बसली होती आणि केसातली वेणी सोडवत होती.

"आई."

"तू बघलं हतंस?" तिने मान वर न करता विचारलं.

"...हो."

"माका वाटला, कोणीच बघूक नाय. चार वर्सा मी देवाक हात जोडतंय, बरा झाला कोणी बघूक नाय म्हणान." तिने वेणी उशाशी ठेवली. "बघलंस तर बघलंस. पोटच्या पोरान बघल्यान तर काय जाता? आजारी पडलंय तर तूच धुतलं असतंस. पण तू सांगितलंस."

टपावर उन्हातान्हात खरवडताना सालं गेलेली बोटं, चोरून बघितलेली ओट्याची उंची, रबराच्या पट्ट्या, सगळं मयूरने बाजारात नेऊन टाळ्यांसाठी विकलं होतं. आईची लाज भांडवल म्हणून लावून. त्याला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

"जावा तुमी दोघा," आई म्हणाली. "गणपती वाट बघता. माझा नाव सांगा तेका."

तो खाली आला. लोक तिथेच होते, कुणालाच निघता येत नव्हतं. अर्ध्यावर सोडलेलं गाऱ्हाणं वाईट, हे प्रत्येकाला माहीत होतं. मयूर पाटापाशी गेला, तात्यांच्या हातातून नारळ घेतला आणि वर गॅलरीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला,

"बा देवा, महाराजा! तात्यांना मी चुकीचं सांगितलं. तो त्रास आईला नाही, मला आहे. धरवत नाही ते मला. बसमध्ये कपडे माझे भिजले. माझी मला लाज वाटली म्हणून आईचं नाव पुढे केलं. संडास मी माझ्यासाठी बांधलाय, महाराजा!"

काल बाटलीची गोष्ट ऐकलेली पंधराच्या पंधरा माणसं समोर होती. मग प्रितीने डोळे पुसले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "व्हय महाराजा!" तिच्यामागून सगळी चाळ म्हणाली. तात्यांनी तेवढं तोंड उघडलं नाही, पण ते आडही आले नाहीत. मयूरने नारळ फोडायला वर उचलला.

"थांब! फोडू नको!"

शेवंताबाई गॅलरीच्या कठड्याशी उभ्या होत्या. तिथून त्या जिन्याकडे वळल्या आणि एकेक पायरी घेत खाली आल्या, गुडघ्यावर हात ठेवत, कारण गुडघेही दुखतच होते. केस तसेच मोकळे होते. त्यांनी मुलाच्या हातातून नारळ काढून घेतला.

"देवाक खोटा सांगान घाटात गाडी घालतलंस?" त्या म्हणाल्या. "सुचित्रा बसतली तेच्यात. तू बसतलंस."

"आई, राहू दे ना गं. आई, नको."

तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. नारळ दोन्ही हातांत धरून ती गाडीकडे तोंड करून उभी राहिली. बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायचं नसतं, हे तात्यांनी एरवी सांगितलं असतं. आज त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"बा देवा रवळनाथा. पोर खोटा बोल्लो. माझ्यासाठी बोल्लो, तेका पदरात घे. लुगडा माझा भिजला. पाणी सांडूक नाय, मी ओतलंय, कोणाक कळा नये म्हणान. माका धरवणा नाय. म्हातारी झालंय मी, देवा. ह्या खरा आसा. आता तेच्या गाडयेक काय होवक देव नको, महाराजा."

रस्त्यावरून एक टॅक्सी हॉर्न वाजवत गेली. कुणाच्याच तोंडून शब्द फुटेना. कारण आता साद देणं म्हणजे त्या बाईला तोंडावर सांगणं होतं की होय, तुझं लुगडं भिजलं. शेवटी तात्या हलकेच म्हणाले, "व्हय महाराजा." मग इकडून तिकडून, खालच्या आवाजात, बाकीचे.

मयूरचे ओठ घट्ट मिटलेले होते. काल याच जागी, हीच गोष्ट त्याने रंगवून रंगवून सांगितली होती, आणि आज त्यातले दोन शब्द त्याच्याने उच्चारवत नव्हते. आईने आता पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं.

"तू पण म्हण," ती म्हणाली. "घरच्यान म्हटल्याशिवाय गाऱ्हाणा पुरा होणा नाय."

त्याने मान खाली घातली आणि म्हटलं. आईने ते ऐकून घेतलं, नारळ तात्यांच्या हातात दिला आणि पदर सावरत म्हणाली, "फोडा आता. ऊन चढता."